सोबतीचा खडा

१

इंग्लंडला जायचं होतं, गेले न्यू इंग्लंडला. दुधाची तहान ताकावर म्हणतात, ती ही. यतीनच्या व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलेलं होतं, आणि वकीलबाईंनी बजावलं होतं की आत्ता अमेरिकेबाहेर पाऊल टाकलंत तर व्हिसाच्या स्टॅम्पिंगसाठी किती महिने लटकाल ते सांगता यायचं नाही. मग काय, किल्ले आणि जुनी चर्चं राहिली तिकडेच. न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरहून, त्यांच्या राहत्या गावाहून, गाडीने चार-पाच तासांवर तीनशे वर्षांची घरं आहेत, तीही इंग्लंडहून आलेल्या लोकांनीच बांधलेली, एवढ्यावर यतीनने समाधान मानलं.

त्याची बायको रत्ना हिला समाधानही नव्हतं आणि तक्रारही नव्हती. गेल्या वर्षीच्या मार्चपासून तिला कशाचं काही वाटेनासंच झालं होतं. त्या मार्चमध्ये सौमित्र, त्यांचा मोठा मुलगा, शाळेच्या ट्रॅकवर धावता धावता खाली बसला तो उठला नाही. सोळा वर्षांचा पोरगा, सर्दीपलीकडे कधी आजार माहीत नाही. इंग्लंडचा बेत त्याचाच. आठ दिवसांचा अख्खा रूट त्याने शीटमध्ये मांडून ठेवला होता, कुठून कुठे किती मैल, कुठे गाडी लावायची, कुठे तिकीट आधी काढायचं. काउन्सेलर म्हणाली, ती ट्रिप कुठल्या ना कुठल्या रूपात करा. यतीन औषध कंपनीत स्टॅटिस्टिक्स करतो. करायला काहीतरी काम मिळालं की त्याला बरं वाटतं, म्हणून त्याने नोव्हेंबरातल्या शाळेच्या सुट्टीत तीन जुनी घरं गाठून एक रूट आखला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी नागपूरहून सासूबाईंचा, शोभाताईंचा, व्हिडिओ कॉल आला.

"कोण कोण निघालात?"

"आम्हीच, आई. यतीन, मी आणि शिवांगी."

"म्हणजे तिघंच." शोभाताई थांबल्या. "तिघांनी बाहेर पडू नये गं. तीन तिगाडा, काम बिगाडा. आपल्या दारातला एक खडा उचल आणि सोबत घे, चौथा म्हणून. परत आलात की दारातच ठेवून द्यायचा."

तिघं हा शब्द त्या घरात दीड वर्षात कुणी उच्चारला नव्हता. शोभाताईंच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण त्या उगाच चहाच्या कपात बघत बसल्या. रत्ना म्हणाली, "घेते, आई." तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. तिने फोन ठेवला आणि तिखटमिठाच्या पुऱ्या तळायला घेतल्या.

सकाळी पुऱ्या आठवणीने घेतल्या, पाण्याच्या बाटल्या घेतल्या, शिवांगीचं जांभळं जाकीट घेतलं. खडा राहिला.

२

पहिलं घर कनेटिकटमधलं. काळपट फळ्यांचं, बुटकं, खिडक्या वितभर. आत यतीनला दर दारात मान लववावी लागत होती. एका म्हाताऱ्या बाईंनी चूल दाखवली, पाळणा दाखवला, चरखा दाखवला, आणि इथे एका खोलीत अकरा माणसं झोपायची हेही सांगितलं. रत्नाने सगळ्याला मान डोलावली. कुणी काही सांगत असलं की मान डोलवायची, एवढं तिला जमत होतं.

बाहेर आल्यावर शिवांगीने विचारलं, "आई, आजीचा स्टोन घेतला?" शिवांगी नऊ वर्षांची आहे. आजीचं एकही सांगणं ती विसरत नाही, आईची मात्र सगळी विसरते.

"राहिला गं."

"मग इथून घेऊ. तिकडे खूप आहेत."

घराच्या मागे दगडावर दगड रचलेली एक ठेंगणी भिंत होती आणि भिंतीपलीकडे त्या घराचीच चार-सहा थडगी, पाटीसारख्या पातळ शिळांची, वाकलेली. भिंतीच्या पायथ्याशी बरेच दगड सांडले होते. रत्नाने त्यातला एक उचलला. तळहाताएवढा, चपटा, करडा. खडा तो खडा, इथला काय आणि तिथला काय, असं तिच्या मनात आलं. सासूबाई सुपारीशीसुद्धा बोलतात, त्या चालीवर तीही पुटपुटली, "चल बाबा, तू आमचा चौथा."

गाडीत तो मागच्या सीटवर गडगडायला लागला, म्हणून शिवांगीने त्याला बेल्ट लावला. रत्नाच्या मागची जागा. सौमित्रची. त्या मार्चपासून त्या जागेवर कुणी साधी पिशवी ठेवली नव्हती, आणि आता तिथे एक दगड बेल्ट लावून बसला होता. यतीनने आरशात बघितलं आणि गाडी सुरू केली.

३

मॅसॅच्युसेट्समधलं दुसरं घर दुपारी बघितलं. तिथले गाइड एक उंच, वाकलेले आजोबा होते. दारातच त्यांनी बुटांवर चढवायची कापडी आवरणं दिली, जुन्या फळ्या खराब होऊ नयेत म्हणून. यतीनला एक जोड, रत्नाला एक, शिवांगीला एक. मग टोपलीतून आणखी एक जोड काढून त्यांनी जमिनीवर ठेवला.

"आम्ही तिघं आहोत," यतीन म्हणाला.

आजोबांनी त्यांच्याकडे बघितलं, अगदी सौजन्याने. "हो, हो," म्हणाले, आणि जोड तसाच राहू दिला.

घरात सात खोल्या. गरम हवा टिकावी म्हणून आजोबा प्रत्येक खोलीतून बाहेर पडताना दार लावून घेत. सगळ्यांना पुढे घालत, कडीवर हात ठेवून उभे राहत, यतीन जाई, रत्ना जाई, शिवांगी जाई, आणि तरी ते क्षणभर थांबत. मग किंचित मान तुकवत आणि दार लावत. पहिल्या खोलीला रत्नाला वाटलं, म्हातारा माणूस आहे, दम खात असेल. दुसऱ्या खोलीला तेच झालं. तिसऱ्या खोलीला ती मुद्दाम सर्वांत शेवटी निघाली. ती उंबऱ्याबाहेर पडली, वळून बघितलं, आणि आजोबा रिकाम्या खोलीकडे बघत, दार धरून, कुणाची तरी वाट बघत उभे होते. तेवढ्यात फळी वाजली. आतली, मग उंबऱ्याजवळची. आजोबांनी मान तुकवली.

रत्ना सॉफ्टवेअर टेस्टर आहे. एकदा झालं तर योगायोग, दोनदा झालं तर बग, हे तिचं रोजचं वाक्य. तिने स्वतःला समजावलं की जुन्या फळ्या आपोआप वाजतात, लाकूड थंडीत आवळतं, आणि फॅमिली म्हटलं की या लोकांच्या डोक्यात चारच येतात. सगळी कारणं पटण्यासारखी होती. सातव्या खोलीपर्यंत तिने ती दोन वेळा पुन्हा म्हणून बघितली.

बाहेर पडताना सगळ्यांनी आवरणं काढून टोपलीत टाकली. रत्नाने वाकून जमिनीवरचा चौथा जोड बघितला. मघाशी घडी घातलेला होता, आता उलगडलेला होता, आणि तळ राखेसारखा करडा झाला होता. तिने तोही उचलून टोपलीत टाकला. आतून ओलसर गार लागला. यतीन भिंतीवरची माहिती वाचत होता, त्याला तिने काही सांगितलं नाही.

आणि खरं सांगायचं तर, गाडीकडे जाताना तिला भीती वाटत नव्हती. गेल्या वीस महिन्यांत पहिल्यांदा तिला काहीतरी वाटत होतं, आणि ती आशा होती. वेडी, लाज वाटावी अशी आशा. असला तर असू दे, असं तिच्या मनात आलं. चौघांत मोजतायत ना लोक, मोजू देत.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात वॉफल्सच्या मशीनजवळ ती उभी असताना शोभाताईंचा फोन आला.

"खडा घेतलास ना?"

"घेतला, आई. पण घरून राहिला. इथलाच घेतला, एका जुन्या घरामागचा."

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"दुसऱ्याच्या दारातला कशाला आणलास?" शोभाताईंचा आवाज खाली गेला. "आपल्या दारातला आपला असतो, रत्ना. जिथून उचललास तिथे नेऊन ठेव. ते जमत नसेल तर निदान गाडीतून काढ. मला विचारू नकोस का ते, मला नाही माहीत. माझ्या आईने असंच सांगितलं होतं."

यतीन ते ऐकून म्हणाला, मागे जायचं तर दोन तास उलटं ड्राइव्ह करावं लागेल, टाक कुठेतरी पार्किंगमध्ये, संपवा तो विषय. आईचं हे सगळं असंच असतं, म्हणाला. पण त्याने स्वतः दगडाला हात लावला नाही, हे रत्नाच्या नजरेतून सुटलं नाही.

शिवांगी सीरियलच्या बाउलमध्ये चमचा फिरवत होती. "आई," ती म्हणाली, "इट्स नॉट दादा."

रत्नाच्या हातातला कप तसाच राहिला. "कोण?"

"तुला वाटतंय दादा आहे. मला कळतं. पण नाहीये. दादा विंडो सीट कधीच सोडायचा नाही. हा मधे येऊन बसतो. माझ्याकडे सरकत राहतो." ती सांगत होती ते बसमधल्या दांडगट पोराबद्दल सांगावं तसं, कंटाळून. "काल मला दाराला चिकटून बसावं लागलं. पाय पण सोडता येत नव्हते."

नऊ वर्षांची पोर. भाऊ गेलेला, आईबाप असून नसल्यासारखे. ती काही कल्पना करणारच, काउन्सेलरने आधीच सांगून ठेवलं होतं. रत्नाने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "टाकून देते मी तो दगड. चल."

पार्किंगच्या कडेला झुडपं होती. रत्ना तिथपर्यंत गेली, हात मागे नेला आणि फेकल्यासारखा पुढे आणला. झुडपात काहीच पडलं नाही. दगड तिच्या कोटाच्या खिशात होता. कशासाठी, असं कुणी विचारलं असतं तर ती सांगू शकली नसती असं नाही. तिला ठाऊक होतं. फेकला की पुन्हा तिघं.

"टाकलास?" शिवांगीने विचारलं.

"टाकला."

शिवांगीने मागचं दार उघडलं, आत बघितलं, आईकडे बघितलं. मग आत चढली आणि दाराला चिकटून बसली. रत्नाने ते बघितलं, आणि ती पुढे बसून बेल्ट लावायला लागली.

५

तिसरं घर गावाबाहेर होतं, एका मळ्याच्या टोकाला. सीझनचा शेवटचा दिवस. साडेतीनला बंद केलं की सरळ मे महिन्यात उघडायचं, असं तिकिटाच्या टेबलामागच्या जाड चष्म्याच्या बाईंनी सांगितलं. तीन तिकिटं फाडली, म्हणाल्या, गाइड आज नाही, तुमचं तुम्ही फिरा. शिवांगीने जाकीट गाडीतच सोडलं होतं. अमेरिकेत वाढलेल्या मुलांना थंडी वाजत नाही, त्यांच्या आयांना वाजते.

पुढची बैठक, मधली चूल, वर दोन खोल्या, मागे धान्याची कोठी. पाऊस सुरू झाला होता आणि खिडक्यांतून उजेड असा येतच नव्हता. रत्ना पुढे, यतीन तिच्या बरोबर, आणि मागे शिवांगीची पावलं, जरा अंतर ठेवून. रत्नाला मधेच वाटलं, वळून तिचा हात धरावा. पण नको वाटलं, हात वर उचलायलासुद्धा मेहनत पडत होती. पावलं येतायत ना मागून, मग झालं.

साडेतीनला बाईंनी खालून हाक मारली. दाराशी चाव्यांचा जुडगा घेऊन त्या उभ्या होत्या. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला बोटाने मोजलं, शाळेतल्या बाई मोजतात तसं. रत्ना छत्रीशी झटापट करत पुढे गेली होती, यतीन तिच्या मागे मान खाली घालून पावसात पळाला.

"तीन," बाई मागून म्हणाल्या. "तिघं आत, तिघं बाहेर. छान." आणि कुलूप लावलं.

"ऐकलंस? तीन," यतीन गाडीत बसता बसता म्हणाला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसला. मागचं दार उघडलं, लागलं. बेल्टचा खटका वाजला. रत्नाने डोळ्यांच्या कोपऱ्यातून जांभळ्या जाकिटाचं हुड बघितलं, तिच्या मागच्या जागेवर. आज दादाच्या जागी बसली पोर, असं तिच्या मनात आलं, आणि तिला बरंही वाटलं.

पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. हायवे लागला. वायपर फिरत होते, यतीन ट्रॅफिक बघत होता, मागे शांत होतं. रत्नाच्या फोनवर शिवांगीचं नाव आलं. शिवांगीच्या मनगटावर फोन करायचं घड्याळ आहे, आणि मागच्या सीटवरून आईला फोन करणं हा तिचा जुना खेळ. रत्नाने फोन कानाला लावला.

"आई, तुम्ही कुठे आहात?" आवाज अगदी हळू होता. "दार लॉक आहे. लाइट्स पण नाहीत."

रत्नाने फोन कानाशी आणखी दाबला.

"मी कोठीत थांबले होते. तो तुमच्या मागे चालला होता ना, म्हणून मी त्याला आधी जाऊ दिलं. मग मी आले तर कोणी नव्हतं."

रत्नाने समोरच्या काचेवरची उन्हाची झडप खाली केली. झडपेच्या आरशात मागची सीट दिसत होती. हुड पुढे ओढलेलं, मान खाली, छातीवरून बेल्ट घट्ट. जाकीट नऊ वर्षांच्या मुलीचं होतं आणि शिवणीवर ताणलं गेलं होतं. बाह्या मात्र रिकाम्या लोंबत होत्या.

आणि तेवढ्यात तिच्या पाठीत, सीटच्या मागून, दोन गुडघे रुतले. सौमित्र पंधराव्या वर्षीच बापाहून उंच झाला होता, आणि गाडीत त्याचे गुडघे कायम आईच्या पाठीत. काढ रे ते, म्हणून ती दर वेळी ओरडायची, आणि मग तो मुद्दाम आणखी थोडे रेटायचा. आत्ता ती ओरडली नाही, तरी गुडघे आणखी थोडे रेटले गेले.

"कुणाचा फोन?" यतीनने विचारलं.

हा दादा नाही, असं शिवांगी म्हणाली होती. रत्नाला कळत होतं की तिचंच बरोबर आहे. जो कोण होता त्याने काल मधे बसायची चूक केली होती, आज केली नाही, एवढंच. पण वीस महिने थिजलेली तिची पाठ त्या दोन जागी ऊबदार झाली होती, आणि तिला ती पुढे घेववेना. रस्त्याच्या कडेला मैलाची हिरवी पाटी आली आणि गेली. फोनमध्ये शिवांगी म्हणत होती, आई, हॅलो, आई. वळायचा एक्झिट आला. यतीनने पुन्हा विचारलं, कुणाचा गं. एक्झिट गेला. दुसरी हिरवी पाटी दिसायला लागली, तेव्हा कुठे रत्नाचं तोंड उघडलं.

"गाडी वळव," ती म्हणाली. "शिवांगी तिथेच राहिली."

"काय बोलतेस, मागे तर..." यतीनने आरशात बघितलं आणि त्याचं वाक्य तिथेच थांबलं. गाडी लेनमधून सरकली, कुणीतरी लांबलचक हॉर्न दिला. रत्नाच्या पाठीतून गुडघे निघाले, आधी एक, मग दुसरा, सावकाश.

फोन चालूच होता. पलीकडून शिवांगीचा श्वास ऐकू येत होता.

"बाबांनी विचारलं ते मला ऐकू आलं," शिवांगी म्हणाली. "तू काही बोललीच नाहीस."

रत्नाला स्वतःची शरम वाटली.

"आम्ही येतोय, बाळा," ती म्हणाली. "तिथेच थांब. आत्ता येतोय आम्ही."

"किती जण?" शिवांगीने विचारलं.